शिशुवर्गातील 'पदवीदान' : एका समारंभाची मीमांसा

मार्चअखेरीस कोकणातील हवा दमट आणि असह्य होऊ लागते. नेमक्या त्याच दिवसांत, मोठ्या शहरांचे पाहून, रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावीही शिशुवर्गांचा एक नवा समारंभ रुजू लागला आहे. मोठ्या शिशुवर्गातील पाच-सहा वर्षांची बालके काळा झगा व गोंड्याची चौकोनी टोपी घालून मंचावर येतात, गुंडाळी केलेले प्रमाणपत्र स्वीकारतात, छायाचित्र निघते आणि टाळ्यांच्या गजरात पुढचे नाव पुकारले जाते. 'ग्रॅज्युएशन डे' हे इंग्रजी नावच त्यास रूढ झाले आहे. हा सारा प्रकार पालकांची हौस म्हणून सोडून देता येईल. अंधानुकरण म्हणून त्याची हेटाळणी करणे तर त्याहून सोपे. परंतु मुलाच्या आयुष्यातील कोणत्या घटनेची नोंद हा समारंभ करतो, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

समारंभांच्या अभ्यासात संक्रमणविधी ही संकल्पना फ्रेंच अभ्यासक आर्नॉल्द व्हान जेनेप यांनी १९०९ साली मांडली. पूर्वावस्थेपासून वियोग, मधली संधिकालीन अवस्था आणि नव्या अवस्थेत समावेश, असे या विधीचे तीन टप्पे त्यांनी दाखविले. भारतीय परंपरेतील समावर्तन संस्कार हे त्याचे उत्तम उदाहरण होय. अध्ययन संपल्यावर विद्यार्थी मंगलस्नान करी, मेखला व दंड ही ब्रह्मचर्याची चिन्हे टाकी, नवी वस्त्रे लेई आणि घरी परतून गृहस्थाश्रमास पात्र ठरे. 'स्नातक' हा शब्द त्या स्नानाचाच वारसा आहे. काल नसलेला अधिकार आज प्राप्त झाला, हा त्या विधीचा आशय होता.

या मांडणीस प्येर बूर्द्यू यांनी १९८२ साली एक बोचरी पुरवणी जोडली. त्यांच्या मते असा विधी आधीचा आणि नंतरचा असा भेद दाखवितो हे खरे. पण ज्यांना तो लाभतो आणि ज्यांना तो कधीच लाभणार नाही, यांच्यातील रेषा ठळक करणे हे त्याचे खरे कार्य असते. पदवीच्या झग्याचे तेज या रेषेतून येते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. त्या मोजक्या नावांत न्यायमूर्ती रानडे यांच्याबरोबर रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते.

ही रेषा किती कठोर असू शकते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात सापडते. दापोली तालुक्यातील मुरूड येथे वाढलेले धोंडो केशव कर्वे १८७५ साली सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्यास निघाले. सह्याद्री ओलांडून सुमारे ११० मैलांची वाट त्यांनी चार दिवसांत पायी तुडविली; आणि सतरा वर्षांचे दिसत नाहीत, एवढ्याच कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढील वर्षी कोल्हापूर येथे ते उत्तीर्ण झाले. दाखल्याला किंमत होती, कारण तो नाकारला जाऊ शकत होता.

शिशुवर्गात नकाराची ही शक्यता नाही, आणि ती नसावी हेच योग्य. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशाच्या वेळी मुलांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे. तेव्हा मंचावरील प्रमाणपत्राने पहिलीच्या वर्गाचे कोणतेही दार उघडत नाही. अंगणवाडीतून आलेले मूल त्याच दारातून तितक्याच हक्काने आत येते. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांचा मिळून एकच पायाभूत टप्पा मानला आहे. ज्या ठिकाणी धोरण सलगता मागते, नेमके तेथेच हा समारंभ समाप्तीची भिंत उभारतो. विनोद असा की, विद्यापीठ अनुदान आयोग २०१५ व २०१९ साली विद्यापीठांस झग्याऐवजी हातमागाचा पोशाख सुचवीत असताना, विद्यापीठाने उतरविलेले वस्त्र शिशुवर्गाने अंगावर घेतले.

बालशिक्षणाच्या शास्त्राची साक्षही या समारंभास फारशी अनुकूल नाही. माँटेसरीबाईंना १९०७ साली रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहातच आढळले की, कामात रमलेली मुले पदकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पुढे १९७३ साली लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी चित्रकलेची आवड असलेल्या शिशुशाळेतील मुलांवर प्रयोग केला. चित्र काढल्यास शोभिवंत प्रमाणपत्र मिळेल असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रे काढू लागली. ज्यांना ते अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची गोडी मात्र घटली नाही. या प्रयोगाचा अर्थ ताणू नये. वर्षअखेरीस मिळणारा कागद म्हणजे एखाद्या कृतीचे आमिष नव्हे, आणि एका सकाळच्या कौतुकाने मुलाचे नुकसान होते असे यातून सिद्ध होत नाही. चिंता असलीच तर त्या सकाळीपूर्वीच्या तालमींची, ज्यांत खेळाचे व गोष्टीचे तास खर्ची पडतात.

एक बाजू मात्र टीकाकार सहसा विसरतात. ज्या घरातून कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर ज्या घरांनी दोन पिढ्या काढल्या, तेथील आईला आपल्या मुलाच्या अंगावरील तो झगा पोकळ वाटत नाही. तिच्या दृष्टीने तो भविष्याचा उच्चार असतो. हा समारंभ मुळात पालकांचा आहे, ही गोष्ट मान्य केली तर त्याकडे अधिक सहानुभूतीने पाहता येते. मात्र मग त्यास बालशिक्षणाचे अंग म्हणता येत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील खरे संक्रमण अन्यत्र घडते. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांतून चौथीपर्यंतच्या जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. चौथी संपली की मुलाला वाडी सोडून दुसऱ्या गावच्या शाळेत, पऱ्या ओलांडून किंवा एस. टी. ने जावे लागते. तेथील साध्या निरोप समारंभात झगा नसतो, पण वियोग असतो.

दुसरे संक्रमण प्रवेशाचे. दसऱ्याच्या पाटीपूजनात एकच्या आकड्यांची सरस्वती मूल स्वतः गिरविते. महाराष्ट्रात २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी जे शाळापूर्व तयारी मेळावे भरू लागले, त्यांतही हेच सूत्र आढळते. मूल उड्या मारते, वस्तूंचे वर्गीकरण करते, चित्र पाहून गोष्ट सांगते. आणि आई समोरच्या खुर्चीवर प्रेक्षक म्हणून न बसता, जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत घरी काय करून घ्यावे हे शिक्षिकेकडून समजून घेत मुलाच्या शेजारी उभी असते.