वीज चमकली की मोजा, आणि लगेच उठा

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. आभाळ भरून आले, ढग गडगडू लागले की बाकीची मुले त्याच्यापासून सरकून बसत. कारण विचारले तर कुणी बोलेना. शेवटी एक मुलगी हळूच म्हणाली, "टीचर, तो पायाळू आहे." जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याच्यावर वीज पडते, हा समज आपल्या हिंगोली जिल्ह्यात सगळ्याच समाजांत घट्ट बसलेला आहे. वीज चमकली की त्या मुलाची दादी त्याला हाताला धरून घरात ओढायची. आणि त्याच वेळी त्याची अम्मी सोयाबीन काढायला गेलेली असायची. पावसाने गाठले की चार बायकांबरोबर लिंबाच्या झाडाखाली उभी राहायची. त्याबद्दल घरात कुणाला काळजी वाटत नव्हती!

त्या दिवशी मी पुस्तक मिटले आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले: बर्क आणि रअद. बर्क म्हणजे चमक, रअद म्हणजे गडगडाट. मकतबात जाणाऱ्या मुलांना दुसरा शब्द लगेच ओळखीचा वाटला, कारण कुरआनातील तेराव्या सूरहचे ते नाव आहे. मराठीत आपण "वीज कडाडली" म्हणून मोकळे होतो. पण अंतर ओळखायचे तर चमक आणि आवाज वेगळे धरावे लागतात.

दोन्ही निघतात एकाच क्षणी. विजेच्या वाटेतली हवा एकदम सुमारे तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, फटाक्यासारखी फाकते आणि आवाज होतो. उजेड आपल्यापर्यंत क्षणात पोचतो. आवाज मात्र सेकंदाला साधारण 340 मीटर एवढेच चालतो, म्हणजे एका किलोमीटरला त्याला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून चमक दिसताच मोजायला लागा, आवाज आला की थांबा आणि आलेल्या आकड्याला तीनने भागा. नऊ मोजले तर वीज तीन किलोमीटरवर पडली. घड्याळ नसेल तर "एक हजार एक, एक हजार दोन" असे सावकाश म्हणा, एकेक सेकंद होतो. विजेची वाट काही किलोमीटर लांब असते. तिच्या दूरच्या टोकाचा आवाज उशिरा येतो, म्हणून गडगडाट लांबत जातो. आपण मोजणी पहिल्या आवाजाला थांबवायची.

मुलांना हा खेळ फार आवडला. खिडकीपासून लांब बसून सगळा वर्ग मोजू लागला. आधी 24 आले, मग 15, मग 9. वादळ आपल्याकडेच येते आहे, हे सांगावे लागले नाही.

पण दुसऱ्याच दिवशी एक मुलगा म्हणाला, "अब्बांना मी शिकवले. ते म्हणाले, अजून पाच किलोमीटर लांब आहे, तोवर एवढी पात उरकून घेऊ." हे ऐकून मी हबकले. शिकवताना मी अर्धीच गोष्ट सांगितली होती. मोजलेले अंतर मागच्या विजेचे असते. पुढची कुठे पडेल हे त्यातून कळत नाही. ती दहा किलोमीटर पुढे सरकून थेट आपल्या शिवारातही पडू शकते, मग तिथे पावसाचा थेंब आलेला नसला तरी. म्हणून मोजणी तीसच्या आत आली की हातातला विळा ठेवून निघायचे. विजा एकामागून एक चमकत असतील तर कोणता आवाज कोणत्या चमकेचा हे समजत नाही, तिथे मोजत बसूच नये. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. ऊन पडले म्हणून लगेच रानात जाण्याची घाई फार महागात पडते.

2022 मध्ये आपल्या देशात विजेने 2,887 माणसे गेली, अशी सरकारी नोंद आहे. मरणाऱ्यांत शेतात राबणारे आणि गुरे राखणारे फार. वीज थेट डोक्यावर पडूनच माणूस मरतो असे नाही. झाडावर पडलेली वीज खोडावरून बाजूच्या माणसावर उडी मारते, किंवा जमिनीतून पसरत एका पायाने शिरून दुसऱ्याने निघते. बैल आणि म्हशी जास्त मरतात त्याचे एक कारण हेच, त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर मोठे असते.

मग जायचे कुठे? पक्क्या भिंतींचे, स्लॅबचे घर सर्वांत बरे. काचा लावून घेतलेली जीप किंवा एसटी चालते. ट्रॅक्टर, मोटारसायकल, ऑटो चालत नाही. आखाड्यावर चार खांबांवर पत्रे टाकलेले असतात, त्याने पाऊस अडतो, वीज अडत नाही. काहीच जवळ नसेल तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून आणि विहिरीच्या पाण्यापासून दूर, सखल जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, डोके खाली घालावे. आडवे पडू नये. चार जणी असतील तर घोळका न करता लांब लांब बसावे. ही शेवटची सोय आहे, याने धोका कमी होतो, संपत नाही.

घरातही थोडे सांभाळावे लागते. गच्चीवर वाळत घातलेली हळद, शेवया, कपडे गोळा करायला याच वेळी बायका धावतात. भिजू द्या! अस्रची वेळ झाली असेल तर नळाखाली वुजू न करता आधी भरून ठेवलेल्या पाण्यातून लोट्याने करा, कारण लोखंडी पाइपातून वीज आत येऊ शकते. टीव्ही, फ्रिजचे प्लग आधीच काढा. चार्जिंगला लावलेला मोबाइल कानाला लावू नका. नुसत्या मोबाइलने वीज ओढली जात नाही.

कुणावर वीज पडली तर त्याला हात लावायला घाबरू नका, अंगात वीज साठून राहत नाही. 108 ला फोन करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने, मिनिटाला शंभरच्या वर दाब देत राहा. काही भागांत अशा माणसाला शेणात पुरतात. त्याने वाचवण्याची वेळ तेवढी निघून जाते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे मोफत ॲप काढले आहे. आपल्या जागेपासून 20 आणि 40 किलोमीटरच्या आत वीज पडते आहे का, ते त्यात दिसते. शेतात रेंज नसली की मोजणीच कामाची.

राहता राहिला रोजाचा प्रश्न. त्या पायाळू मुलाच्या अम्मीला मी हे सगळे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "बाई, मधेच उठले तर अर्धा रोज जातो." माझ्याकडे उत्तर नव्हते. हस्ताचा पाऊस सुरू व्हायच्या आधी तिनेच शेतमालकाला विचारले, तीस मोजून निघालो तर पैसे कापणार का? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही कापत. पण ढग दिसले की आधी गंजीवर ताडपत्री टाका."