ईटच्या आसपासचा मुलूख

धाराशिव जिल्ह्यात बाहेरची माणसं येतात ती तुळजापूरला. आई तुळजाभवानीचं दर्शन झालं की फार तर नळदुर्ग पाहून परततात. भूम-परांड्याचा कोपरा कुणाच्या बेतात नसतो. त्यासाठी भूम तालुक्यातल्या ईटला मुक्काम धरावा, कारण इथून जवळच दख्खनच्या इतिहासातली एक मोठी लढाई झाली.

ती खर्ड्याची. खर्डा आज अहिल्यानगर जिल्ह्यात मोडतो. पण हद्दी अलीकडच्या, मुलूख एकच. मार्च 1795 मध्ये हैदराबादच्या निजाम अलीची फौज बीदरकडून येऊन मोहरीच्या घाटाने खाली उतरली. समोर पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले असे सारे एकत्र. सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. 11 मार्चला गाठ पडली. रात्री निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि तिथेच फसला. मराठ्यांनी वेढा आवळला, आत पाण्यावाचून हाल झाले आणि दोन-तीन दिवसांत तह झाला. तहात दौलताबाद आणि परांड्यापासून तापीपर्यंतची सरहद्दीची पट्टी मराठ्यांकडे आली. सगळे मराठे सरदार एका झेंड्याखाली लढले ते इथेच शेवटचे. हा किल्ला लहान आहे, तास-दीड तासात पाहून होतो. पण बालाघाट डोंगराची ही उतरण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लढाईचा नकाशा उमगत नाही.

तहात नाव आलेला परांडा खर्ड्याहून जुना. बहमनी काळातला हा भुईकोट, भोवती खोल खंदक, दुहेरी तट. 1600 मध्ये अहमदनगर मोगलांकडे गेल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजाला इथेच निजामशाहीच्या गादीवर बसवलं, म्हणजे काही काळ ही राजधानी होती. विजापूरला लोक ज्या मुलुखमैदान तोफेपुढे उभे राहतात, ती 1632 मध्ये परांड्याहूनच तिकडे नेली. तोफ गेली, तरी बुरुज शाबूत आहेत. तटावरून एक फेरी जरूर मारावी. उन्हाळ्यात मात्र सकाळी लवकर, कारण वर सावली नाही.

भूम तालुक्यातल्याच कुंथलगिरीला वेगळी शांतता आहे. कुलभूषण आणि देशभूषण या जैन मुनींची ही मोक्षभूमी. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये सल्लेखना घेऊन इथेच देह ठेवला. डोंगरावरची मंदिरं पायऱ्या चढून पाहावीत आणि उतरल्यावर इथला खवा-पेढा घ्यावा. पावसाच्या भरवशावरच्या या तालुक्यात दुभत्या जनावरांनी कितीतरी घरं सावरली आहेत. भट्टीवर तासन्‌तास दूध आटवणाऱ्यांचे कष्ट त्या पेढ्यात असतात.

हे पाहायचं ते श्रावण-भाद्रपदात. पाऊस बेताचाच, पण पडला की बालाघाटाचे उघडे माळ हिरवे होतात. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात धबधबा वाहू लागतो. आणखी पुढे जायची तयारी असेल, तर नळदुर्गला बोरी नदीवरचा पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, बंधाऱ्याच्या भिंतीतच तो बांधला. पूर आला की नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आत महालात माणूस कोरडा उभा राहतो.

खर्डा आणि परांडा एका दिवसात होतात. कुंथलगिरीला निम्मा दिवस वेगळा ठेवावा, आणि येडशी-नळदुर्गसाठी तिसरा. परांड्याला जाताना पाण्याची बाटली भरून घ्यायला विसरू नये.