रमजानचा स्वयंपाक

छत्रपती संभाजीनगराजवळ वाळूज येथें १९८५ सालीं बजाजचा कारखाना सुरू झाला आणि शेजारीं बजाजनगर ही वस्ती वाढली. कारखान्याच्या पाळ्यांवर दिवस मोजणाऱ्या या वस्तींतील मुसलमान घरांचा स्वयंपाक रमजानांत मात्र सूर्याच्या पाळीवर चालतो.

चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान, आणि इस्लामी कालगणनेंत अधिक मास नाहीं. त्यामुळें हा महिना कधीं थंडींत, तर कधीं वैशाखाच्या उन्हांत येतो. पहाटेच्या सहेरीस पोळी, डाळ, अंडीं, दही असें सावकाश पचणारें अन्न हवें. खारट पदार्थ तहान वाढवितात. सूर्यास्तीं खजूर व पाणी घेऊन रोजा सुटतो. खजुरांतील साखर लवकर अंगीं लागते. मग फळें, उकडलेले चणे, थोडीं भजीं. पोटभर जेवण मगरिबच्या नमाजानंतर. दावतीस या शहराचा प्रसिद्ध नान-खलिया असतो.

या साऱ्यांत गृहिणीचा विसर पडतो. ती सर्वांआधीं उठते आणि सायंकाळीं स्वतः उपाशी असतां शेगडीपुढें उभी राहते. गरज पडल्यास जिभेच्या टोकानें चव पाहून थुंकून टाकण्याची मुभा हनफी शास्त्रकार देतात. तरी पुष्कळ जणी मीठ अंदाजानेंच घालतात. म्हणून चणे रात्रींच भिजवावे, मसाला आधीं वाटून ठेवावा, फळें पुरुषांनीं चिरावीं. सालन आळणी झालें तरी मुकाट्यानें जेवणें, हाहि त्या महिन्याच्या संयमाचाच भाग होय.