मंडपामागची वीज

गणेशोत्सवातल्या कोणत्याही मंडपाच्या मागच्या बाजूला एकदा जाऊन यावे. पुढे कमान, मखर, दिव्यांच्या माळा. मागे ताडपत्रीखाली एक टेबल, त्यावर मिक्सर, खाली लोखंडी रॅकमध्ये एकावर एक चढवलेली मशीन, आणि या सगळ्यांना वीज पुरवणारा लाकडी पाटीवरचा एक्स्टेन्शन बोर्ड. त्या बोर्डाच्या भोकांत वायरची दोन उघडी टोके खुपसलेली असतात आणि ती निसटू नयेत म्हणून सोबत काड्यापेटीच्या काड्या ठोकलेल्या असतात. प्लग नाही म्हणजे अर्थिंगही नाही. भाद्रपदातला पाऊस ताडपत्रीवरून ओघळतो तो याच टेबलाच्या पायाशी.

हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की कुणाला त्यात वावगे वाटत नाही. शेतात पाच हॉर्सपॉवरची मोटार बसवताना स्टार्टर, फ्यूज, अर्थिंग यांची चौकशी करणारा माणूस गावच्या मंडपात तेवढीच वीज खेचू शकणाऱ्या रॅकपाशी मात्र नि:शंकपणे ओल्या पायांनी उभा राहतो, कारण ते 'गाण्याचे सामान' असते. माझे म्हणणे नेमके इथे आहे. पॉवर अ‍ॅम्प्लिफायर हे आधी विजेचे यंत्र आहे आणि मग आवाजाचे. त्याची मांडणी, जोडणी आणि वापर याबद्दलचा प्रत्येक नियम एवढ्या एका गोष्टीतून निघतो.

मिक्सरमधून येणारा सिग्नल साधारण एका व्होल्टच्या आसपासचा. त्याच आकाराचा, पण कितीतरी पट ताकदीचा प्रवाह अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरच्या कॉईलला देतो, आणि ही ताकद तो भिंतीतल्या २३० व्होल्टमधून घेतो. त्यामुळे वॅटचे आकडे पडताळून पाहण्याची सोपी कसोटी म्हणजे त्याचा प्लग. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला फार तर ३,६८० वॅट मिळतात. ६ अँपिअरच्या सॉकेटमधून १,३८०. मशीनच्या तोंडावर '१०,००० वॅट' छापले असेल आणि मागे साधा प्लग असेल, तर तो आकडा क्षणभराच्या झटक्याचा असेल किंवा निव्वळ रंगाचा. खरी माहिती पाठीवरच्या बारीक अक्षरांत असते: किती ओहमला, किती वॅट, आणि कमीत कमी किती ओहम चालतील.

सगळ्यात जास्त मशीन जळतात ती या ओहमपायी. बेसच्या एका बॉक्समध्ये १८ इंची दोन कोन असतात; प्रत्येकी ८ ओहमचे, समांतर जोडलेले, म्हणजे बॉक्स ४ ओहमचा. असे दोन बॉक्स एका चॅनलवर टाकले की २ ओहम होतात, चार टाकले की १ ओहम. आता ४ ओहमला १,००० वॅट देणारे मशीन घ्या. त्याच्या आउटपुटवर साधारण ६३ व्होल्ट आणि १६ अँपिअर असतात. लोड २ ओहमवर आणला की तेच ६३ व्होल्ट ३२ अँपिअर मागू लागतात. ट्रान्झिस्टरची तेवढी तयारी नसेल तर चांगले मशीन प्रोटेक्टमध्ये जाऊन गप्प बसते, आणि स्वस्तातल्या मशीनचा ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो. शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर आतला डीसी पुरवठा सरळ स्पीकरला जोडतो. डीसी संरक्षण नसेल तर कोन एका बाजूला ताणून बसतो आणि कॉईल काही सेकंदांत जळते. लोड वाढवणारा माणूस मशीनचे नुकसान धरून चालतो. पण बहुतेक वेळा मशीनबरोबर बॉक्सही जातो.

मिरवणुकीत पश्चिम महाराष्ट्रात ज्याला सरसकट डॉल्बी म्हणतात त्या भिंतीमागे हा हिशेब कागदावर मांडलेला क्वचितच दिसतो. तो मांडायला एक साधा मल्टिमीटर पुरतो. ८ ओहमचा बॉक्स मीटरवर सहाच्या आसपास दाखवतो, ४ ओहमचा तीनच्या. वायरच्या मशीनकडच्या टोकाला मीटर लावून आकडा पाहायचा आणि मगच जोडायचे. आकडा शून्याजवळ आला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे. पुढे काहीच करायचे नाही.

ब्रिज हा दुसरा मोह. दोन चॅनल एकमेकांविरुद्ध चालवून एकाच स्पीकरला दुप्पट व्होल्टेज देता येते. पण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला लोड निम्मा दिसतो. ४ ओहमचा बॉक्स ब्रिजवर टाकला की आत प्रत्येक चॅनल २ ओहमवर राबत असतो. शिवाय आधीच्या उदाहरणातले ६३ व्होल्ट आता १२६ होतात. स्पीकरच्या वायरला शॉक लागत नाही अशी समजूत पक्की आहे. लहान होम सिस्टीमपुरती ती चालून जाते, ब्रिज केलेल्या मोठ्या मशीनच्या उघड्या टर्मिनलला ओला हात लागला तर नाही.

म्हणूनच स्पीकॉनचे महत्त्व. लिश्टेनश्टाइनच्या न्यूट्रिक कंपनीने १९८७ मध्ये हा जोड आणला. त्याआधी स्पीकरला जॅकपिन लावत, किंवा माईकचाच तीन पिनांचा जोड वापरत. जॅकपिन घुसवताना क्षणभर शॉर्ट होऊ शकते, आणि माईक व स्पीकर यांचा जोड एकच असला की घाईत वायर भलतीकडे जाणारच. स्पीकॉनमध्ये धातू आत दडलेला असतो, बोट पोचत नाही. घालून फिरवला की खटका बसतो आणि कुणाचा पाय अडकला तरी सुटत नाही. आजही अनेक ठिकाणी वायर सोलून, पीळ देऊन लाल-काळ्या टर्मिनलला गुंडाळतात. त्यातली केसाएवढी एक तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की काम तमाम.

वायरच्या जाडीवर कुणी पैसे घालायला तयार नसतो, म्हणून तिचा हिशेब मांडतो. स्टेजपासून बॉक्स ३० मीटरवर आहे; जाणारी-येणारी धरून तांबे ६० मीटर. १ चौरस मिलिमीटरच्या वायरचा रोध सुमारे १.२ ओहम होतो. बॉक्स ४ ओहमचा असेल तर मशीनने दिलेल्या ताकदीपैकी जवळजवळ चौथा हिस्सा वायरच गरम करण्यात जातो. २.५ चौरस मिलिमीटर घेतली तर हा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास उतरतो. आणि नुसती ताकदच जाते असे नाही. कोनला थांबवण्याची, आवरण्याची मशीनची पकडही या रोधामुळे सुटते, आणि बेस भसाडा, सैल वाटू लागतो. मग साउंडवाला इक्वलायझरवर बेस आणखी चढवतो. मशीन बॉक्सजवळ न्यावे, सिग्नलची वायर लांबवावी. हा उपाय फुकटचा आहे.

लांबचा पल्ला गाठायची जुनी युक्ती आपल्या सभांना चांगली ठाऊक होती. मोटवाने घराण्याच्या शिकागो रेडिओने काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि गांधीजींच्या सभांना कर्णे पुरवले. त्या काळच्या छायाचित्रांत माईकवर हे नाव वाचता येते. व्हॉल्व्हच्या त्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद आजच्या मानाने नगण्य होती. पण कर्णा थोड्या विजेत मोठा आवाज देतो, आणि कर्णे गर्दीत जागोजागी टांगलेले असत. आजही देवळावरच्या किंवा शाळेवरच्या भोंग्यांसाठी १०० व्होल्ट लाइन वापरतात ती यासाठीच: व्होल्टेज जास्त म्हणून प्रवाह कमी, आणि प्रवाह कमी म्हणून बारीक वायरही चालते. ४० वॅटचा भोंगा या लाइनवर ०.४ अँपिअर घेतो. सगळ्या भोंग्यांच्या वॅटची बेरीज मशीनच्या वॅटच्या आत ठेवायची, एवढाच नियम. या टर्मिनलवर चुकून ८ ओहमचा साधा बॉक्स टाकला तर तो १,२५० वॅट मागतो आणि मशीन तिथेच संपते.

आवाज कमी पडला की आणखी एक मशीन आणण्याची घाई होते. वॅट दुप्पट केले की मोजून तीन डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट सुमारे दसपट लागतात. उलट मोकळ्या मैदानात ऐकणारा स्पीकरपासूनचे अंतर निम्मे करून आला तर सहा डेसिबल फुकट मिळतात. मागच्या रांगांसाठी मधे दोन छोटे बॉक्स लावणे हे समोरची भिंत उंच करण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचे.

आता अर्थिंगकडे येतो, कारण माणसे जातात ती इथे. स्पीकरमधून घूंऽ असा आवाज येऊ लागला की तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन काढून टाकायची, ही विद्या वस्तादाकडून चेल्याकडे चालत आली आहे. आवाज थांबतोही. मिक्सर आणि मशीन दोन वेगळ्या ठिकाणांहून अर्थ झाले की शील्डमधून ५० हर्ट्‌झचा प्रवाह फिरू लागतो, त्याचीच ती घूं असते. पिन काढली की वेटोळे तुटते. पण त्याबरोबर बिघाड झाल्यास वीज जमिनीत उतरण्याचा रस्ताही तुटतो. मग मशीनचे पत्र्याचे अंग, त्याला जोडलेला मिक्सर आणि गायकाच्या हातातला धातूचा माईक यांच्यावर २३० व्होल्ट येऊन थांबतात, कुणीतरी दुसरी अर्थ केलेली वस्तू धरण्याची वाट पाहत. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारवादक लेस हार्वी प्रेक्षकांसमोर अर्थ नसलेल्या माईकला हात लावताच गेला. कीर्तनकार, निवेदक, कीबोर्डवाला यांच्यावर हीच पाळी येण्यासाठी वेगळे काही घडावे लागत नाही.

घूं घालवायचे योग्य मार्ग आहेत. मिक्सर आणि सगळी मशीन एकाच बोर्डावरून चालवावीत. सिग्नलला बॅलन्स्ड वायर वापरावी. तरीही आवाज राहिला तर शील्ड एका टोकाला, फक्त सिग्नलच्या वायरमध्ये, तोडावी, किंवा मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. विजेच्या अर्थला हात लावायचा नाही, कधीच नाही. आणि बोर्डाच्या तोंडाशी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवावी.

जनरेटरवर मात्र या आरसीसीबीची एक अट आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल तर गळती झाली तरी प्रवाहाला परतीचा रस्ता मिळत नाही, आणि आरसीसीबी ट्रिप होत नाही. भाड्याचा जनरेटर ट्रकवर, टायरांवर उभा असतो. त्याचा सांगाडा आणि न्यूट्रल जमिनीत ठोकलेल्या पाइपपर्यंत नेले आहेत का, हे पाहणे वायरमनचेच काम.

न्यूट्रलचा दुसरा धोका सगळी मशीन एका फटक्यात घेऊन जातो. थ्री फेजच्या दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. प्रत्येक फेजला २३० मिळतात ते न्यूट्रल मधे घट्ट बसलेला असतो म्हणून. समजा एका फेजवर ३ किलोवॅटचे दिवे आहेत आणि दुसऱ्यावर १ किलोवॅटची मशीन. न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन सुटला, की या दोन फेजचा भार ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखा होतो. हिशेब केला तर दिव्यांना १०० व्होल्ट मिळतात आणि मशीनला ३००. दिवे मंद होतात, लोक वर बघतात, आणि खाली रॅकमधून जळका वास येतो. हलक्या भाराच्या फेजला जास्त व्होल्टेज, हे यातले क्रौर्य आहे. न्यूट्रल फेजइतकाच जाड हवा आणि तो लगमध्ये चेपलेला हवा, पीळ दिलेला नाही.

चालू करताना आधी मिक्सर, सर्वांत शेवटी मशीन, तीही एकेक करून, कारण मोठा ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतो. बंद करताना उलट. मशीनचा नॉब अर्ध्यावर ठेवला म्हणजे ते अर्ध्या ताकदीवर चालते, असे नाही. तो नॉब फक्त आत येणारा सिग्नल कमी करतो. मिक्सरवरून जास्त ढकलले की मशीन पूर्ण ताकदीलाच पोचते. तिच्यापलीकडे ढकलले की लाटेचे माथे कापले जातात आणि क्लिपचा लाल दिवा पेटतो. पूर्ण कापलेली लाट त्याच उंचीच्या स्वच्छ लाटेच्या दुप्पट ताकद देऊ शकते. बेस आधीच कमाल मर्यादेला असतो, त्यामुळे वाढते ती वरच्या सुरांची सरासरी, आणि आधी उडतो तो टॉपचा डायफ्राम. दुरुस्तीवाला 'डायफ्राम डुप्लिकेट होता' म्हणतो. बहुतेक वेळा दोष लाल दिव्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याचा असतो. लिमिटर याचसाठी आहे, आणि त्याचा आकडा स्पीकरच्या वॅटवरून काढायचा असतो, मशीनच्या नाही. संध्याकाळी लाइन १८० व्होल्टवर उतरली की जुन्या धाटणीच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या मशीनची ताकद सुमारे ६० टक्के उरते, आणि दिवा आणखी लवकर पेटतो.

उष्णतेचे गणित थोडक्यात सांगतो. जुन्या एबी क्लासचे मशीन गाण्याच्या सरासरी पातळीवर ओढलेल्या विजेतला पाव हिस्सा किंवा थोडा जास्त स्पीकरला देते, बाकीची उष्णता होते. डी क्लासमध्ये ही उधळपट्टी फार कमी. पण पंख्याच्या तोंडाशी ताडपत्री टेकली असेल, जाळीत गुलाल बसला असेल, तर क्लास कोणताही असो, मशीन तापणारच. दर मिरवणुकीनंतर फिल्टर धुवावा. झाकण उघडणार असाल तर प्लग काढून थांबावे आणि मीटरने तपासावे. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही चार्ज राहतो.

कायदा आवाजाबद्दल बोलतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लेखी परवानगीशिवाय ध्वनिवर्धक लावता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा बंदी, राज्य सरकारने जाहीर केलेले वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर भोवतालच्या आवाजापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातले जे कमी ते. मशीनशेजारी रात्रभर उभ्या राहणाऱ्या ऑपरेटर पोराच्या कानांबद्दल मंडपात कुणी बोलत नाही. १०० डेसिबलला कानाची दिवसभराची सोसण्याची मर्यादा पंधरा मिनिटांत संपते. त्याला इअरप्लग देणे मंडळाला परवडते.

मंडळे साउंड ठरवताना बॉक्स किती आणि भाडे किती एवढेच विचारतात. ठरावाच्या कागदावर आणखी काही ओळी हव्यात. महावितरणचे अधिकृत तात्पुरते कनेक्शन मंडळ घेईल. जनरेटरचे अर्थिंग आणि न्यूट्रल परवानाधारक वायरमन तपासेल, आणि त्याची मजुरी बिलात वेगळी लावली जाईल. आरसीसीबी रोज संध्याकाळी टेस्टचे बटण दाबून पाहिली जाईल. प्रत्येक चॅनलवर किती ओहम लोड आहे याचा कागद रॅकच्या दारावर चिकटवलेला असेल. पाऊस टेबलापर्यंत आला तर मशीन बंद करण्याचा हक्क ऑपरेटरचा राहील आणि त्यासाठी त्याचे भाडे कापले जाणार नाही. यातली शेवटची ओळ मिळवणे सर्वांत अवघड आहे, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी पहिली सही तिच्याखाली करायला हवी.