फॉरमॅट मारण्याआधी एवढं बघा



मार्च अखेरची गोष्ट. आमच्या बचत गटाच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर लिनक्स चालतं. बँकेत गटाचे कर्जाचे कागद द्यायचे होते. सचिवताईंनी मशीन सुरू केलं, पासवर्ड घातला. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा पासवर्डच मागू लागली. दहा वेळा केलं, दहा वेळा तेच. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल."

फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. तीन वर्षांचा हिशोब त्या पाटीवर होता. कोणी किती उचलले, किती फेडले, सगळं. आम्ही म्हटलं, थांबा. आधी दुखणं कुठं आहे ते बघू.

लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी मोफत प्रणाली. लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ साली फिनलंडमध्ये तिची सुरुवात केली. उबंटू, मिंट ही तिचीच रूपं. मशीन अडलं की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: गाडी कुठल्या थांब्यावर अडली?

पहिला थांबा, बटण दाबलं तरी काहीच नाही. इथं बिघाड यंत्राचा, लिनक्सचा नाही. भिंतीतली पिन घट्ट आहे का? डब्याच्या मागं छोटं बटण असतं, ते चालू आहे का? पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, तर स्क्रीनची वायर दोन्ही टोकांना दाबून बघा. टीं-टीं आवाज येत असेल, तर बऱ्याचदा रॅमची पट्टी सैल किंवा मळलेली असते. मशीन बंद करून पिन काढा, डब्याच्या लोखंडाला हात लावा, मग पट्टी काढा. तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर हलकेच फिरवा, भुगा झटका आणि पट्टी पुन्हा घट्ट बसवा. पण वीज देणारा पेटीसारखा भाग कधीही उघडू नका. पिन काढल्यावरही त्यात धक्का शिल्लक राहतो.

दुसरा थांबा, मशीन चालतं पण तारीख चुकीची दाखवतं आणि बँकेची साइट "सुरक्षित नाही" म्हणते. साइट खरी आहे की नाही, हे कॉम्प्युटर तारखेवरूनही तपासतो. आत रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो. तो बहुतेक वेळा सीआर २०३२ नंबरचा असतो. तो संपला की घड्याळ मागं जातं. सेल बदला, तारीख नीट लावा.

तिसरा थांबा आमचा. पासवर्ड बरोबर, तरी उंबरठ्यावरून परत. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे डिस्क काठोकाठ भरलेली असणं. कणगी भरली की वर एक पसा धान्यही मावत नाही, तसं लिनक्सला आपलं काम मांडायला जागाच उरत नाही.

हे कसं ओळखायचं? पासवर्डच्या स्क्रीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ ही बटणं एकत्र दाबा. काळ्या स्क्रीनवर नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड लिहिताना काहीच उमटत नाही, घाबरू नका. मग लिहा: डी, एफ, मोकळी जागा, आडवी रेघ, एच. सगळं छोट्या लिपीत. एंटर दाबा. ज्या ओळीच्या शेवटी नुसती तिरकी रेघ आहे, तिथं किती टक्के ते वाचा. आमच्याकडं १०० होते! कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकत्र दाबलं की मशीन पुन्हा सुरू होतं.

सुरू होताना शिफ्ट दाबून धरा. नव्या मशीनवर एस्केप दाबा. यादी येते. त्यात "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स", त्यात "रिकव्हरी मोड" निवडा. पुढं "क्लीन" निवडलं की लिनक्स स्वतःचा जुना पसारा आवरतं. मग "रिझ्यूम". आम्ही एवढं केलं आणि दार उघडलं. आत बघितलं, तर मोबाइलवरून उतरवलेले लग्नाचे व्हिडिओ आणि न रिकामी केलेली कचरापेटी! हिशोब जसाच्या तसा होता.

याच यादीत आणखी एक सोय आहे. अपडेट केल्यावर स्क्रीन काळी राहत असेल, तर तिथली आधीच्या आवृत्तीची ओळ निवडून बघा.

मात्र डिस्कमधून कट्-कट् आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करू नका. प्रत्येक वेळी दुखणं वाढतं. मशीन बंद ठेवा आणि जाणकाराला पहिलं वाक्य सांगा, "आधी आमच्या फाइली काढून द्या, मग दुरुस्ती."

त्या दिवसापासून आमच्या गटात तीन नियम आहेत. दर बैठकीनंतर हिशोब पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या ताईच्या घरी ठेवायचा. दर महिन्याला कचरापेटी रिकामी करायची. आणि मशीन अडलं की तारीख, स्क्रीनवरचा मजकूर आणि आपण काय केलं, ते वहीत लिहायचं. पुढच्या वेळी ती वहीच अर्धी दुरुस्ती करते.

दुरुस्तीवाल्याला बोलवा, जरूर बोलवा. पण दुखणं कुठं आहे ते सांगून बोलवा. पाटी पुसायची की नाही, हे गटानं ठरवायचं.