यादीत नाही, म्हणजे धोका नाही?

पंचावन्नाव्या वर्षी मी पुन्हा बाराखडी गिरवायला बसलो. रात्रपाळीला असलेल्या आमच्या एका इंटर्न मुलीला मी सहज विचारले, ‘क्षयाच्या औषधांबरोबर कोणकोणती औषधे जुळत नाहीत, याची यादी संगणक एका फटक्यात देईल का?’ ती म्हणाली, ‘देईल, सर. पण त्याच्या भाषेत विचारावे लागेल.’

त्या भाषेचे नाव स्पार्कल. २००८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. ती चालते ती ‘जोडलेल्या’ माहितीवर. तिथे प्रत्येक गोष्ट तीन तुकड्यांच्या छोट्या वाक्यात लिहिलेली असते : ‘क्षयरोग – उपचाराचे औषध – रिफाम्पिसिन.’ कर्ता, संबंध, कर्म. २०१२ साली सुरू झालेल्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या विकिडेटामध्ये अशी कोट्यवधी वाक्ये आहेत. नावांचा घोळ नको म्हणून प्रत्येक गोष्टीला क्रमांक असतो. क्षयरोगाचा क्रमांक ‘क्यू १२२०४’. क्षय म्हणा, टीबी म्हणा, क्रमांक तोच. आपल्या केसपेपरच्या नंबरासारखे.

प्रश्न विचारायची रीत सोपी आहे. जे माहीत नाही, तिथे प्रश्नचिन्ह लावायचे. ‘क्षयरोग – उपचाराचे औषध – ?औषध’ ही पहिली ओळ. ‘?औषध – महत्त्वाची आंतरक्रिया – ?दुसरे’ ही दुसरी. दोन्ही ओळींत ‘?औषध’ एकच असल्याने संगणक दोन्हींत बसणारीच उत्तरे शोधतो. ओळीच्या शेवटी टिंब विसरलो की चूक दाखवतो. मी ते अनेकदा विसरलो.

मग मी हौसेने अट घातली : नावे मराठीत हवीत. यादी आली, पण आखूड. मी रोज लिहून देतो ती काही नावेच गायब! ती मुलगी हसून म्हणाली, ‘सर, ज्यांचे मराठी नाव कुणी नोंदवलेलेच नाही, ती अख्खी ओळच गळते. तेवढा भाग ‘ऑप्शनल’मध्ये टाका.’ म्हणजे नाव असेल तर दाखव, नसेल तर जागा रिकामी ठेव, पण औषध वगळू नकोस. तसे केल्यावर गळालेली औषधे परत आली.

माझ्या मनात मात्र ती आखूड यादीच राहिली. संगणकाने चूक झाल्याचे सांगितले नव्हते. यादी नीटनेटकी होती, फक्त अपुरी. शिवाय अशा माहितीचा मूळ नियमच असा, की एखादी गोष्ट नोंदलेली नसेल तर ती ‘खोटी’ ठरत नाही. ती फक्त ‘माहीत नाही’ असते. ‘ऑप्शनल’ने गळालेली ओळ परत येईल, कुणी लिहिलीच नसेल ती कुठून येणार?

ओपीडीत हाच फरक महाग पडू शकतो. रिफाम्पिसिनमुळे यकृतातील विकरे जोमाने काम करू लागतात आणि इतर कित्येक औषधे शरीरातून लवकर निघून जातात. गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम घटतो. क्षयाचे उपचार घेणाऱ्या तरुण स्त्रीला आम्ही ‘आणखी काही गोळ्या घेतेस का?’ असे विचारतो, तेव्हा ती सासूसमोर ‘नाही’ म्हणते. आमच्या कागदावर ती जागा रिकामी राहते आणि आम्ही तिचा अर्थ ‘काही नाही’ असा लावतो.

आता मी प्रश्न बदलला आहे. सोबतच्या माणसाला जरा बाहेर बसवतो आणि पुन्हा एकदा विचारतो. वाचकांनाही एवढेच सांगणे : डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या, गर्भनिरोधक, आयुर्वेदिक, शेजाऱ्याने दिलेली, सगळी. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या यादीत धोका दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि स्वतःच्या मनाने औषध बंदही करू नका. विचारा.

टिंब मी अजूनही विसरतो. रिकाम्या जागेकडे मात्र आता दोनदा बघतो.