ऑफिसमधला अपमान घरापर्यंत का येतो?

रविवारची संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला की छातीत धस्स होतं. असं वारंवार होत असेल, तर त्याचा अर्थ तुम्ही 'नाजूक' आहात असा नाही.

धोका जाणवला की शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं वाढतात. ठोके वाढतात, स्नायू ताणले जातात. धोका टळला की सगळं पूर्ववत होतं. पण चारचौघांत ओरडणं, टोमणे, मुद्दाम मीटिंगमधून वगळणं हे रोजचंच झालं, तर शरीराला उसंतच मिळत नाही. झोप उडते, लक्ष लागत नाही, कामात चुका होतात. त्यावरून पुन्हा बोलणी बसतात. हळूहळू माणसाला वाटू लागतं, 'आपल्यातच काहीतरी कमी आहे.' यातून नैराश्य किंवा चिंतेचा आजार जडू शकतो.

हा दोष फक्त एखाद्या तापट बॉसचा असतो असंही नाही. 'फ्रान्स टेलिकॉम' कंपनीला २००६ नंतर सुमारे २२ हजार कर्मचारी कमी करायचे होते. बहुतेकांना सरकारी नोकरीचं संरक्षण होतं, त्यामुळे काढून टाकणं अवघड होतं. मग त्यांनी स्वतःच सोडून जावं म्हणून सक्तीच्या बदल्या, कमी दर्जाची कामं असे प्रकार सुरू झाले. अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला आणि तिचे माजी प्रमुख दिदिए लोंबार यांना मानसिक छळाबद्दल दोषी ठरवलं.

आपल्याकडे काय? कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे तक्रार समिती बंधनकारक आहे. मात्र रोजच्या अपमानासाठी, ओरडण्यासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून पुरावा महत्त्वाचा.

काय करता येईल?

• तारीख, वेळ, काय बोललं गेलं, कोण हजर होतं, हे लिहून ठेवा. मेल आणि मेसेज जपा.
• एचआरकडे तक्रार तोंडी नको, लेखी करा.
• घरच्यांशी किंवा विश्वासू सहकाऱ्याशी बोला. एकट्याने सोसू नका.
• झोप, भूक बिघडली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर लगेच डॉक्टरांना भेटा. सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन १४४१६ ही २४ तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे.